ते अद्रक नव्हतं

सीमाभागातल्या निर्णा गावच्या सरकारी शाळेत सुमनबाईंनी एकोणीस वर्षं दुपारचं जेवण रांधलं. कन्नड माध्यमाची पोरं एका पंगतीला, मराठीची दुसऱ्या पंगतीला, आणि भात-सांबार मात्र दोघांनाही एकाच पातेल्यातलं. त्यांचा एक नेम होता. पातेलं उतरलं की पहिला घास स्वतः खायचा, पाव तास थांबायचं आणि मगच वाढायला घ्यायचं. पोरं भुकेजलीत म्हणून कुणी घाई केली तर त्या म्हणायच्या, "थांबा जरा. माझ्या पोटात राहिलं तर त्यांच्या पोटात राहील." एकोणीस वर्षांत त्यांच्या हातचं खाऊन एका पोराचंही पोट दुखलं नाही. चारचौघांत मान वर करून सांगावं असं आपल्याजवळ एवढंच आहे, असं त्यांना वाटायचं.

त्याच शाळेत पवित्रा मॅडम मुख्याध्यापिका होत्या. त्यांचे यजमान फौजेत, काश्मीरकडे. एकदा सुटीवर येताना ते तिकडचे कसले तरी गड्डे घेऊन आले होते. पुढं मॅडमची बदली म्हैसूरकडे झाली, तेव्हा निघता निघता त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले सहा गड्डे सुमनबाईंच्या हातात ठेवले. "याला आयरिस म्हणतात. पांढरं फूल येतं. माझ्याकडं काही रुजलं नाही, तुम्ही लावून बघा."

सुमनबाईंच्या यजमानांचा, श्रीपतरावांचा, सगळा जन्म अद्रक लावण्यात गेलेला. त्यांनी एक गड्डा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "हे तर आपलं अद्रकच हाय की. नुसतं नाव बदलून आलंय." मग अद्रकासारखंच काळ्या मातीत चार बोटं खोल पुरून, वर शेणखत घालून त्यांनी चार गड्डे लावले आणि रोज पाणी दिलं. उरलेले दोन गड्डे कंपाउंडसाठी आणलेल्या लाल मुरुमाच्या ढिगावर तसेच राहिले. ते सगळेच विसरले.

महिनाभरानं उकरून बघितलं तर चारही गड्ड्यांचा वास मारणारा चिखल झालेला. आणि मुरुमाच्या ढिगावर पडलेले दोन मात्र आपले आपण मुळं सोडून, पाठ उन्हाला देऊन बसलेले. त्यांना तलवारीसारखी हिरवी पानं फुटली होती. सुमनबाईंनी कपाळावर हात मारला आणि हसत सुटल्या. "घ्या! आपण जीव लावला ते सडले, आन् टाकून दिले ते जगले."

त्यांनी त्या दोघांना तिथून हलवलं नाही. मुरुमाचा ढीगच पसरून त्याचा उंचवट्याचा वाफा केला, कडेनं दगड लावले. हळूहळू त्या झाडाची रीत त्यांना कळत गेली. गड्डा अर्धा मातीत, अर्धा बाहेर ठेवायचा. त्याच्या गळ्याशी खत घालायचं नाही. बोट घालून माती कोरडी लागली तरच पाणी द्यायचं. वैशाखात पानं पिवळी पडली तर घाबरायचं नाही, झोपू द्यायचं. दोन वर्षं नुसती पानंच आली. बायका येता-जाता विचारायच्या, "काय लावलाव हे, गवत?" तिसऱ्या माघात एका दांड्यावर कळी दिसली आणि चौथ्या दिवशी ती उघडली. पांढरी शुभ्र, तीन पाकळ्या वर, तीन खाली कललेल्या, आणि खालच्या प्रत्येकीवर पिवळ्या मिशीसारखी एक रेघ. अर्धं निर्णा बघून गेलं. आयरिस हे नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून गावानंच त्याला तलवारफूल म्हणायला सुरुवात केली.

शेजारची बसव्वा रोज सकाळी यायची. दोन घरांच्या मधे एक बुटकी भिंत. तिच्यावरून अर्ध्या संसाराची देवाणघेवाण चालायची. बसव्वाचे यजमान गुरप्पा अण्णा सुमनबाईंना तंगी म्हणायचे, म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. त्यांची स्वतःची बहीण निंबर्ग्याला दिलेली, ती वारल्यापासून दिवाळीची साडी सुमनबाईंकडंच यायची. फूल उमललं की पहिलं फूल गुरप्पा अण्णांच्या लिंगपूजेला जायचं, हे न बोलता ठरलेलं होतं.

गेल्या वर्षी मात्र फुलं कमी आली. वाफा भरून गेला होता. गड्डे एकमेकांच्या अंगावर चढलेले, मधले तर अगदी गुदमरलेले. सुमनबाईंनी मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "उपटून वेगळे करा. पावसाळा संपला की." म्हणून दसरा झाल्यावर त्यांनी सगळा वाफा मोकळा केला. विळ्यानं गड्डे तोडले, पानं वीतभर ठेवून छाटली, कापल्या जागी चुलीची राख चोळली आणि पानं असलेले तुकडे सुपात घालून जखम सुकायला ओट्यावर सावलीत ठेवले.

उरले ते जुने, बिनपानांचे तुकडे. त्यांना आता अंकुर फुटायचा नव्हता. टाकूनच द्यायचे होते. पण सुमनबाईंचा हात होईना. एखादा डोळा असेल, एखादा रुजेल, असं म्हणून त्यांनी ते एका टोपलीत भरले आणि टोपली स्वैपाकघराच्या दाराशी ठेवली. दोन दिवस ती तिथंच राहिली.

तिसऱ्या दिवशी त्या बीपीच्या गोळ्या आणायला चिटगुप्प्याला गेल्या. दुपारच्या बसनं परत आल्या, पाय धुतले आणि दाराशी आल्या तर टोपली अर्धी झालेली.

"शिवकन्या," त्यांनी सुनेला हाक मारली, "ह्यातलं काय केलीस गं?"

शिवकन्या पीठ मळत होती. लग्न होऊन आठ महिने झालेले, माहेर औरादकडचं. "बसव्वा मावशीनं नेलं की, आत्या. गुरप्पा मामाला खोकला हाय, काढा करायचाय म्हणल्या. मीच म्हणले, अद्रक पडलंय, घेऊन जावा."

गुरप्पा अण्णांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊन वर्ष झालं नव्हतं. हे गड्डे पोटात जाऊ द्यायचे नाहीत, शेरडंसुद्धा याला तोंड लावत नाहीत, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. घरात ते सुमनबाईंनी श्रीपतरावांना सांगितलं, मुलाला म्हणजे माउलीला सांगितलं. नव्या सुनेला सांगायचं राहून गेलं होतं.

"अगं, ते अद्रक न्हाई!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

भिंतीशी जाऊन त्यांनी दोन हाका मारल्या. उत्तर नाही. म्हणून त्या रस्त्यानं वळसा घालून पळतच बसव्वाच्या दारात गेल्या. गुरप्पा अण्णा मोरीजवळ बसून ओकत होते. बसव्वा त्यांची पाठ चोळत होती.

"अय्यो, बघ की गं सुमन! घोटभर काढा घेतला आन् तोंड पेटलं म्हणायलेत. तीनदा ओकले."

"किती पिले? किती गड्डे घातलीस?"

"एकच ठेचले. अर्धा कप पिले असतील. कामून? काय झालं?"

सुमनबाईंनी चुलीवरचं पातेलं उतरवलं. तळाशी ठेचलेला गड्डा होता. नाकाशी नेलं तर अद्रकाचा वास नव्हताच. "बसव्वाक्का, हे माझं फुलाचं गड्डं हाय, अद्रक न्हाई. दवाखान्यात जायचं आत्ताच्या आत्ता." मग भिंतीवरून ओरडल्या, "शिवकन्या, माउलीला फोन लाव, टमटम घेऊन ये म्हणावं! आन् सुपातला एक पानासकट गड्डा आण!"

माउली टमटम चालवायचा; तो स्टँडवरच होता, दहा मिनिटांत आला. टमटममध्ये मागं गुरप्पा अण्णा बसव्वाच्या मांडीवर डोकं ठेवून, समोर सुमनबाई आणि शिवकन्या. शिवकन्येचे हात पिठानं भरलेले तसेच होते. ती सुमनबाईंच्या कानाशी हळूच म्हणाली, "आत्या, बाजारातलं अद्रक खराब होतं म्हणून सांगायचं का?"

सुमनबाईंनी तिच्याकडं बघितलं. गाव काय म्हणेल, सासर काय म्हणेल, हे सगळं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला खरं न्हाई सांगितलं तर ते औषध कशाचं देणार? आन् तू भिऊ नको. टोपली मी ठेवले. तुला सांगायचं माझं राहिलं. चूक माझी हाय."

गुरप्पा अण्णा डोळे मिटून पडले होते. त्यांनी एकदा डोळे उघडून विचारलं, "तंगी, ते फुलाचंच व्हय?"

"व्हय, अण्णा."

"तरीच," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले. त्या 'तरीच'चा अर्थ काय, हे सुमनबाईंना कळेना. चिटगुप्प्यापर्यंत सगळ्या रस्त्यात तो एकच शब्द त्यांच्या डोक्यात फिरत राहिला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कन्नड बोलणाऱ्या. सुमनबाईंनी गड्डा टेबलावर ठेवला, नाव सांगितलं, किती घातला, किती पोटात गेला, कधी गेला, सगळं एका दमात सांगितलं. शिवकन्येनं मोबाइलमधला फुलाचा फोटो दाखवला. डॉक्टरीणबाईंनी आधी गुरप्पा अण्णांच्या छातीची ईसीजीची पट्टी काढायला सांगितली, सलाईन लावायला सांगितलं, मग बाहेर जाऊन कुणा वरच्या डॉक्टरांना फोन केला.

बाहेरच्या बाकावर बायका बसून राहिल्या. बसव्वानं एक शिवी दिली असती, एक बोल लावला असता, तर सुमनबाईंना बरं वाटलं असतं. एकोणीस वर्षं दोनशे पोरांना घास घातला, आणि आपल्या उंबऱ्यातून गेलेली वस्तू शेजारच्या पोटात अशी गेली. मनातल्या मनात त्यांनी वाफा उपटलासुद्धा. मूळही ठेवायचं नाही. मुरूम उचलून रस्त्यावर टाकायचा.

तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि बसव्वाशी कन्नडमध्ये बोलू लागल्या. बसव्वा ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं पदर तोंडाला लावला. सुमनबाईंना कन्नड चांगलं यायचं, पण त्या क्षणी एक अक्षर कानात शिरेना.

"काय म्हणल्या? बसव्वाक्का, काय म्हणल्या गं?"

डॉक्टरीणबाईच मोडक्या मराठीत म्हणाल्या, "आजी, घाबरू नका. तोंड आणि पोट जळतं यानं, उलट्या होतात. जास्त पोटात गेलं नाही, गेलं ते बाहेर आलं. पट्टी चांगली आहे. संध्याकाळपर्यंत इथं ठेवते, सलाईन संपलं की घरी न्या. तुम्ही गड्डा आणला ते चांगलं केलं, नाहीतर आम्ही अंधारात चाचपडत बसलो असतो."

सुमनबाईंना रडू आलं. ते थांबवावं असंही वाटलं नाही. शिवकन्या त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली, आणि तिच्या हातावरचं वाळलेलं पीठ सुमनबाईंच्या लुगड्याला लागलं. बसव्वानं दोघींकडं बघितलं आणि म्हणाली, "पुरे आता. माणूस जगलाय, आन् तुम्ही दोघी मेल्यावानी रडायलाव." मग तीही रडली.

आत गेल्या तर गुरप्पा अण्णा उशाला टेकून बसलेले. ओठ सुजलेले, पण डोळ्यांत तरतरी.

"अण्णा, टमटममधी तुम्ही 'तरीच' म्हणलाव," सुमनबाईंनी विचारलंच. "ते कामून?"

"अगं, पहिल्या घोटालाच वाटलं, हिनं काढ्यात साबण घातली की काय," ते बसव्वाकडं बोट दाखवून म्हणाले. "चाळीस वर्षांत असला काढा हिच्या हातून झाला न्हवता. म्हणून म्हणलं, तरीच."

पलीकडच्या खाटेवरचा पेशंटही हसला. दिवेलागणीला सगळे निर्ण्याला परत आले. श्रीपतराव रस्त्यावर येऊन उभे होते. त्यांनी गुरप्पा अण्णांचा हात धरला आणि घरापर्यंत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनबाईंनी पहिलं काम केलं. टोपलीतले आणि बसव्वाच्या घरी उरलेले सगळे बिनपानांचे तुकडे मोजून खड्ड्यात घातले आणि वर माती लोटली. मग ओट्यावरचं सूप उचललं. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"तंगी, ते बी पुरायलीस काय?"

गुरप्पा अण्णा शाल पांघरून उभे होते.

"काय करू अण्णा? आता मन होईना ठेवायला."

"का म्हणून? गड्ड्यानं काय केलं? ते काय आपल्या पायानं माझ्या पातेल्यात आलं?" ते म्हणाले. "माझ्या पूजेचं फूल तू परस्पर पुरायचं न्हाई. मला विचार."

बसव्वा मागून म्हणाली, "आन् मला बी दोन गड्डे दे. आमच्या चुलीपासून लांब, गेटाजवळ लावते."

सुमनबाई सूप घेऊन वाफ्याशी बसल्या. शिवकन्या न बोलावता शेजारी येऊन बसली. "आत्या, मला दाखवा कसं लावायचं."

"हे बघ," सुमनबाईंनी एक गड्डा तिच्या तळहातावर ठेवला. "अद्रकाला वास असतो, ह्याला न्हाई. आधी वास घेऊन बघ. मग मुळं खाली, पाठ वर. पाठ उघडीच ठेवायची. पान भिंतीकडं न्हाई, उन्हाकडं करायचं. दोन गड्ड्यांत एक हात जागा सोडायची."

दुपारपर्यंत तेवीस गड्डे लागले. बसव्वाचे दोन वेगळे, कागदात. माउलीनं कडेच्या दगडांना जुनी तारेची जाळी आणून बांधली. शिवकन्येनं एका पत्र्यावर खडूनं कन्नडमध्ये आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हे अद्रक नाही', आणि पत्रा जाळीला अडकवला. वाचून श्रीपतराव मोठ्यानं हसले.

सुमनबाईंनी हात धुतले, ओट्यावर पदर पसरला आणि आडव्या झाल्या. आदल्या रात्री त्यांचा डोळा लागला नव्हता. थोड्या वेळानं शिवकन्येनं जेवायला दोनदा हाक मारली, तरी त्या उठल्या नाहीत. तिनं ताट झाकून ठेवलं आणि त्यांना झोपू दिलं.