दाराबाहेरचे दिगूभाऊ

समस्त परग्रहवासीयांस, विशेषतः पृथ्वीवर चाल करून येण्याच्या तयारीत असलेल्यांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपले सर्व डाव आधीच ओळखणारे एकमेव पृथ्वीवासी, नांदुऱ्याचे सरकी-ढेपेचे व्यापारी दिगंबरराव ऊर्फ दिगूभाऊ, दुपारी जेवून आडवे झाले असता झोपेतच निवर्तले. आपण आता खुशाल यावे. अडवणारं कोणी उरलेलं नाही.

ही बातमी मला फोनवर मिळाली तेव्हा मी खामगावहून परतत होतो. बसची दांडी धरून उभा असताना माझ्या मनात पहिला विचार काय यावा? आता शेवटचा भाग कोणासोबत बघायचा! विचार लाजिरवाणा होता खरा, पण दिगूभाऊंनी त्याला टाळी दिली असती.

शेवटचा भाग म्हणजे आमच्या लाडक्या अंतराळपटांच्या मालिकेचा. पहिला भाग आम्ही खामगावात पाहिला तेव्हा माझं मिसरूड नुकतं फुटलं होतं आणि दिगूभाऊंचं नवं लग्न झालं होतं. एक अवाढव्य यान, त्याचं दार बिघडतं, ते फक्त बाहेरून लावता येतं. कप्तान बाहेर राहतो, दार लावतो, आतले सगळे वाचतात आणि तो काळ्याभोर अंतराळात तरंगत दिसेनासा होतो. दिगूभाऊ दुपट्ट्यात तोंड खुपसून रडले. त्यांच्या नव्या नवरीनं, कमलवहिनींनी, मात्र शांतपणे शेंगदाणे संपवले आणि विचारलं, "दार दुरुस्त करून काऊन नाही निंगाले हे लोकं?"

पुढे भाग येत गेले आणि प्रत्येक भागात ते दार येत गेलं. दुसऱ्यात यानाचा भित्रा डॉक्टर बाहेर राहिला, तिसऱ्यात यंत्रमानव. दार कुरकुरायला लागलं की दिगूभाऊ भर थिएटरात मोठ्यानं सांगायचे, "आता हा बाहेर राह्यते पाहा!" मागून कोणी ओरडायचं, "काका, आम्ही पन तिकीट काढलं!" आणि वहिनी त्यांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवायच्या.

मी चिडायचो. "भाऊ, हे चोर आहेत. आपल्याला तेच तेच विकतात."

"अबे, पोळा दरवर्षी येते ना? तेच बैल, तेच तोरण. मंग मागच्या वर्षीचं चोरलं म्हन्तं का तू?"

"मग तिसरा भाग तुम्हाला का नाही आवडला?"

"त्यात यंत्र बाहेर राह्यलं ना! यंत्राले मराचं भेवच नाही, तर त्या दाराचा काय उपेग? दुसऱ्यातला डॉक्टर कसा, जलमभर भेला आन् त्या दिवशी नाही भेला. दार जुनंच पाह्यजे बाबू, बाहेरचा मानूस नवा पाह्यजे. शिळ्या पोळीले फोडणी देली त चालते, पन पोळी तशीच ताटात फेकली त मी उठून जाईन."

ही सगळी चर्चा कुठे चालायची? दिगूभाऊंच्या घराच्या फाटकात. मी तीन घरं सोडूनच राहत असलो तरी ते मला पोचवायला म्हणून बाहेर यायचे आणि तिथेच रुजायचे. "बरं, निंगतो" म्हटल्यानंतर खरी बैठक सुरू व्हायची. आतून वहिनी आधी साधी हाक मारायच्या, मग ताट आपटायच्या, मग पोळ्यांच्या नावानं असा सूर लावायच्या की गल्लीतली कुत्रीही आपापल्या घरी जेवायला निघायची. दिगूभाऊ म्हणायचे, "आलोच!" आणि नवा विषय काढायचे.

आमची शेवटची भेटही फाटकातलीच. शेवटच्या भागाची जाहिरात आली होती. ते डोळे मिचकावून म्हणाले, "त्यायनं पहिल्यातला कप्तानच परत आनला तर?"

"भाऊ, मेलेला माणूस कसा येईल?"

"पिक्चरमंधी येते बे."

तेरवी झाली, पाहुणे पांगले. आणि कमलवहिनी बोलेनाशा झाल्या. रडल्याही नाहीत. मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसायच्या, विचारलं तर मान हलवायच्या. ताटातली पोळी तशीच राहायची. फाटकाकडे तर त्या पाहायच्याही नाहीत. आमच्याकडे तेरवीनंतर जवळची माणसं घरच्या बाईला पहिल्यांदा बाहेर काढतात, आपल्या घरी नेऊन जेवू घालतात. तो मान आम्ही मागून घेतला. पण तीन घरांपलीकडच्या आमच्या घरी आम्ही त्यांना खामगावच्या थिएटरमार्गे न्यायचं ठरवलं. गल्लीतल्या एक आजी कडाडल्या, "पहिलं पाऊल सिनेमात?" माझी बायको म्हणाली, "आजी, भाऊ तिथंच भेटतीन त्यायले." आजी कपाळावर हात मारून आत गेल्या. डाव अंगावर उलटला तर काय, या धास्तीनं मी बसमध्ये तिकिटाच्या घड्या घालत बसलो.

थिएटरात वहिनी आमच्या दोघांच्या मध्ये बसल्या. हातात शेंगदाण्यांची पुडी दिली, ती त्यांनी सोडलीच नाही. पडद्यावर यान आलं, युद्ध झालं, कप्तानाची मुलगी आता स्वतः कप्तान झालेली. आणि मध्यंतरानंतर धुरातून एक म्हातारा चालत आला. पांढरी दाढी, वाकलेले खांदे. तोच! पहिल्या भागातला! मी मनातल्या मनात दिगूभाऊंपुढे कान धरले. मग दार कुरकुरलं. सगळं थिएटर समजून चुकलं. म्हातारा मुलीला आत ढकलून बाहेर उभा राहिला, दाराला हात लावला आणि शेवटचं काहीतरी सांगू लागला. सांगतोय, सांगतोय, संपतच नाही. मुलगी रडतेय, दार अर्धं उघडं, आणि हा आपला उंबऱ्यापाशी बोलतोच आहे...

शेजारी पुडी पडल्याचा आवाज झाला. कमलवहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या. पदर खोचलेला, डोळ्यांतून धारा, आणि त्या पडद्याकडे हात करून, मागच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा त्या जुन्या सुरात ओरडल्या,

"अवो, या ना आता घरात! पोळ्या थंड्या होऊन राह्यल्या!"