शिट्टीसरांचा बुधवार

शिट्टीसरांचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटाबाहेर कुणाला ठाऊक नाही. सव्वीस वर्षं गळ्यात शिट्टी, म्हणून शिट्टीसर. बायको म्हणते, हे झोपेतही फाउल देतात. माणूस तापट. पोरांवर असा डाफरतो की भिंतीपलीकडचा वर्ग गप्प होतो, आणि पाच मिनिटांनी त्याच पोराला आपली पाण्याची बाटली काढून देतो.

त्यांना फुटबॉल शिकवला थोरल्या भावानं. थोरला वेल्डर. धाकट्याला शिकता यावं म्हणून त्यानं आठवीतच शाळा सोडली आणि कामाला लागला. पण संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर वस्तीतल्या पोरांना खेळवायचं त्यानं कधी सोडलं नाही. वस्तीच्या लीगमधला त्याचा संघ मोठमोठ्यांना पाणी पाजायचा. शाळेच्या संघातली निम्मी पोरं त्याच्याच हाताखालची.

तीन वर्षांपूर्वी शाळेनं नियम काढला की शाळेच्या संघात खेळणाऱ्यानं हंगामात दुसरीकडे खेळायचं नाही. तो सांगायला सर स्वतः टाकीमागे गेले, हीच चूक झाली. सगळ्यांदेखत थोरला म्हणाला, "माझ्या मातीत शिकलेली पोरं तुझ्या शाळेची कधी झाली रे?" सर फटकन बोलून गेले, "माती काही तुझ्या बापाची नाही." बाप दोघांचा एकच, तरी ते बोलणं थोरल्याला लागलं ते लागलंच. तेव्हापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता.

यंदा मुख्याध्यापिकाबाईंनी नियम सैल केला. मुलांनी दोन्हीकडे खेळावं, पण दोन्ही प्रशिक्षकांनी एकत्र बसून प्रत्येक मुलाच्या छापील कागदावर आठवड्याचं वेळापत्रक भरावं, एक दिवस पूर्ण आरामाचा ठेवावा आणि खाली सह्या कराव्यात. थोरल्याची मुलगी चौदा वर्षांची, दोन्ही संघांची आघाडीची खेळाडू. तिचा कागद तीच घेऊन आली. सरांनी रकाने कोरे ठेवून सही ठोकली. भरेल दादा, त्याला मोठेपणा हवा ना! थोरल्यानंही तेच केलं. भरेल मास्तर, अक्षर त्याचं चांगलं. बाईंनी दोन सह्या पाहिल्या आणि कागद फायलीत लावला. एवढे दोन शहाणे, पण एकानंही तो नीट वाचला नाही.

सर निर्दयी नव्हते. पुतणीला त्यांनी आपणहून बुधवारी सुट्टी दिली होती. एकदा तिला विचारलंही, "बुधवारी बाबा खेळवत नाहीत ना गं?"

"नाही काका," ती म्हणाली.

सरांना बरं वाटलं. पोरीची काळजी आपण घेतो, दादाला कुठलं सुचायला, असंही मनात येऊन गेलं.

उपांत्य सामन्यात ती मैदानाच्या मधोमध कोसळली. तिच्या आसपास कुणीही नव्हतं. सर धावत पोहोचले तेव्हा तिनं नडगी दोन्ही हातांनी आवळून धरली होती, पण तोंडातून आवाज काढला नव्हता.

दवाखान्यात थोरला कामावरच्या कपड्यांतच आला. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला.

"हाड आज मोडलंय, पण चीर जुनी आहे. महिनाभर तरी दुखत असणार. आठवड्यातून आराम कधी करते ही?"

"बुधवारी," सर म्हणाले.

"शुक्रवारी," थोरला म्हणाला. दोघं एकाच वेळी बोलले.

सरांनी तीन वर्षांत पहिल्यांदा भावाच्या डोळ्यांत पाहिलं. शुक्रवारी शाळेच्या मैदानावर दोन तास कसून सराव असे. बुधवारी टाकीमागे काय चालत असेल, ते आता विचारायची गरज नव्हती. दोघांनी मन मोठं करून सुट्टी दिली होती आणि पोरीला आठवड्यात एकही दिवस मिळाला नव्हता.

"मग तू का नाही बोललीस?" डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं.

ती छताकडे बघत होती. "बाबांना नाही म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, काकाची झाली. आणि काकांना नाही म्हटलं असतं..." पुढचं तिनं गिळलं.

चार महिने मैदान बंद. नंतरही पूर्वीसारखी पळेल की नाही, हे आज सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई स्पष्टच म्हणाल्या. प्लास्टर घालेपर्यंत दोघं भाऊ बाहेर बाकावर बसून राहिले. सरांना स्वतःची लाज वाटत होती, इतकी की मान वर होईना.

"दादा, माझं चुकलं."

थोरल्यानं हाताचे काळे तळवे एकमेकांवर घासले. "एकट्याचं कुठलं," तो म्हणाला. "तू आत चल माझ्याबरोबर. मला एकट्याला ती खरं सांगायची नाही."

दोघं आत गेले आणि खाटेशी उभे राहिले. थोरल्यानं विचारलं, "फार दुखतंय का गं?"

तिनं आधी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग काकांच्या. ओठ पांढरे पडले होते, चादर मुठीत धरली होती.

"नाही," ती म्हणाली.