पुरवून वापरलेला आवाज

देवरे मॅडम वर्गात शिरल्या की हजेरीच्याही आधी कुणाची तरी ओढणी मागायच्या. पेशीचा धडा सुरू असेल तर हमखास. चार मुली उठून ओढणीची चार टोकं ताणून धरत. मॅडम मधोमध एक लिंबू ठेवून ते बोटाने खाली दाबत, आणि ओढणीला झोळ पडला की त्याची मान पिळून म्हणत, "आलं की नाही लिंबू आत? दार उघडलं का कुणी? पेशीला दार सताड उघडायची सोय नाही, पोरांनो. उघडलं तर आतलं सगळं वाहून जाईल. म्हणून ती भिंतच दुमडते आणि त्या दुमडलेल्या भिंतीची पोटली करून हवं ते आत घेते." ते लिंबू बहुतेक वेळा माझ्या डब्यातून उचललेलं असायचं आणि मला कधी परत मिळायचं नाही.

मी त्याच ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला होता आणि त्याचं मला फारसं दुःखही नव्हतं. पण आमचे वर्ग शेजारी, मधली भिंत नावापुरती. इकडे मी करुणरसात बुडालेली असताना पलीकडून हशा यायचा. एकदा मी तावातावाने भांडायला गेले आणि दारातच उभी राहून तो ओढणीचा प्रकार पाहिला. तास सुटल्यावर भांडण राहिलं बाजूला, मीच विचारलं, आत कसं येतं ते कळलं, पण बाहेर कसं जातं?

"मिसळ खातेस ना?" तिने मला विचारलं. "तर्रीवर तेलाचे दोन गोल एकमेकांना टेकले की काय होतं?"

एक होतात, मी म्हणाले. तसंच ते, ती म्हणाली. पोटलीचं कापडही तेलकट, भिंतही तेलकट. पोटली आतून येऊन भिंतीला टेकते, दोघी एक होतात आणि पोटलीतला माल आपसूक बाहेर पडतो. त्या दिवसापासून देवरे मॅडम माझी विजया झाली. गंगापूर रोडला मिसळ खायला बसले की मी अजून तर्रीकडे बघत राहते आणि समोरचा पाव गार होतो.

विजया सटाण्याजवळच्या एका खेड्यातली. बोलणं एरवी पुस्तकासारखं स्वच्छ, पण फार आनंद झाला किंवा कुणाची तिडीक आली की अहिराणी सुरू. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी खोदून विचारलंच तर "राहून गेलं" एवढंच म्हणायची, जणू बाजारातून कोथिंबीर आणायची राहिली. गावाकडे आई होती. ती दर आठवड्याला एसटीने डबा पाठवायची. आमच्याकडे नाशकात शिकायला आलेल्या पोरांचे डबे असेच येतात. घरच्यांनी कंडक्टरच्या हवाली करायचा, पिशवीवर नाव असतं, आणि गाडी स्टँडवर लागली की ज्याचा त्याने उतरवून घ्यायचा. विजया शिकून सवरून स्वतःच शिकवायला लागली तरी आईच्या लेखी पोरगी नाशकात शिकायलाच राहत होती. कॉलेज सुटलं की माझ्या स्कूटीवर मागे बसून ती जुन्या सीबीएस स्टँडवर जायची, आणि डबा उघडायचा तो माझ्यासमोरच.

आई त्या पिशवीवर नुसतं "विजया" एवढंच लिहून घ्यायची. नाशकात विजया एकच, याबद्दल तिला शंका नव्हती. पण एकदा नर्सिंग शिकणारी दुसरी एक विजया आमच्या आधी पोचली आणि पिशवी घेऊन गेली. मागे उरली ती तिची पिशवी, तीत कारल्याची भाजी. विजयाने ती निमूट खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "प्रत्येक पोटलीवर पत्ता असतो. कुठल्या भिंतीला टेकायचं ते त्यावरून ठरतं. पत्ता अर्धवट असला की पुरणपोळी परक्याच्या पोटात आणि आपल्या नशिबी कारलं." मागच्या बाकावरून एकाने विचारलं, मॅडम, हे नीटला येतं का? त्यावर ती म्हणाली, नीटला येवो न येवो, स्टँडवर नक्की येतं.

स्टाफरूममध्ये दुसऱ्याच्या डब्यात हात घालणारे आणि स्वतः कधी काही न आणणारे एक सर होते. त्यांना ती गोड आवाजात ऐकवायची की आत घेताना भिंतीचं कापड खर्च होतं आणि बाहेर देताना पोटलीचं कापड भिंतीला मिळतं. तेव्हा सर, नुसती घेत बसलेली पेशी आक्रसत जाते. सर तब्येतीला जपून होते. दुसऱ्याच दिवशी चिवडा आला.

मग तिची डावी पापणी पडायला लागली. सकाळी ठीक असायची, दुपार कलली की अर्ध्यावर यायची. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं आम्ही सगळे म्हणालो. पुढे शेवटच्या तासाला तिचा आवाज नाकातून यायला लागला. जेवताना घास चावता चावता ती हनुवटीखाली हात धरायची. डॉक्टरांनी तपासण्या करून मायस्थेनिया असं नाव सांगितलं. नाव ऐकून मी घाबरले. ती स्कूटीवर मागे बसली आणि सिग्नल सुटेपर्यंत मला समजावत राहिली. नसेच्या टोकाशी अशाच बारीक पोटल्या तयार असतात, हुकूम आला की भिंतीला टेकून आतला रस सोडतात, स्नायू तो रस घेतो आणि हलतो. तिच्या अंगातल्या पहारेकऱ्यांनी शत्रू समजून स्नायूचे ते घेणारे हातच बांधून टाकले होते.

"माझ्या पोटल्या ठणठणीत आहेत गं," ती म्हणाली. "गाडी वेळेवर, डबा उतरलेला. फक्त घेवाले कोणी नही."

गोळ्यांनी थोडा वेळ बरं वाटायचं. विसावा घेतला की रस पुन्हा साठायचा आणि चार वाक्यं स्वच्छ निघायची. वापरत गेलं की सरायचा. म्हणजे आवाज आता दिवसाला बेतानेच मिळणार होता, आणि त्यावर हक्क सांगणारे दोघे होते. एक सकाळचा बारावीचा वर्ग. दुसरी आई. काचबिंदूने आईची नजर जवळजवळ गेलेली होती, चूल हाताच्या सवयीवर चालायची. रोज दिवेलागणीला तिचा फोन यायचा. आईला यातलं काही कळता कामा नये, असं विजयाने मला बजावून ठेवलं होतं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "तिला मी दिसत नाही, शुभा, नुसती ऐकू येते. आवाज गेला तर तिच्यापुरती मी गेलेच."

मग तिने आवाज पुरवून वापरायला सुरुवात केली. सकाळी तास घ्यायची, तोही निम्मा. उरलेला मुलांकडून बोलवून घ्यायची. एकदा नसेच्या पोटल्यांचा भाग शिकवताना तिचं वाक्य मध्येच विरलं. ती फळ्याकडे वळली, आकृती काढली आणि खडूने एका मुलीकडे बोट केलं. त्या मुलीने वाक्य पुरं केलं, पुढचं दुसरीने. वर्गात कुणी हसलं नाही की कुणी हळहळलंही नाही, धडा तेवढा पुढे गेला. त्यानंतर दिवसभर विजया गप्प. स्टाफरूममध्ये मानेनेच हो-नाही करायची, स्कूटीवर मागे नुसती बसायची. संध्याकाळी फोन वाजला की घसा खाकरून असं काही टवटवीत "हां माय" म्हणायची, की मीच चाट पडायचे.

या वाटपात माझ्या वाट्याला काहीच येत नसे. मला तिचा राग यायचा, आणि आजारी माणसाचा राग येतो म्हणून स्वतःचाही. आमची मैत्री सगळी बोलण्यावर उभी होती. शेजारी माणूस बसलेलं असावं आणि त्याचीच आठवण यावी, असं ते वर्ष गेलं. एक दिवस मी स्कूटीच्या आरशात तिच्याकडे न बघता बोलून गेले, दोन शब्द माझ्याशीही बोलत जा की.

कॉलेज रोडकडे वळायच्या ऐवजी तिने मला खुणेने गाडी सोमेश्वरला घ्यायला लावली. नदीकाठी चहा मागवला आणि बोलायला लागली. वडिलांच्या कांद्याच्या चाळीत तिचं सगळं लहानपण गेलं होतं, सडका कांदा वासावरून निवडायची. कॉलेजात पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा पाहिला तेव्हा ती वर्गातच रडली, कारण पेशींची एवढी घरं हाताखालून गेली आणि कुणी सांगितलं नाही. त्या रडण्याला हसणाऱ्या मुलाशी पुढे लग्न ठरायला आलं होतं, हेही सांगितलं. आवाज घोगरा झाला, मग नाकातून यायला लागला, तरी थांबेना. मी बस म्हणायला हवं होतं; पण मला ऐकायचं होतं.

आणि फोन वाजला. तिने तोंड उघडलं, नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. मग फोन माझ्या हातात दिला आणि डोळ्यांनीच सांगितलं, सांभाळ. मी म्हणाले, माय, ती जरा बाहेर गेली आहे, मी तिची मैत्रीण.

"खोटं नको बोलू, बेटा," आई म्हणाली. "ती तठेच शे. तिन्हा श्वास मले आयकू येस. ती थकेल शे, मले कवयच माहीत शे. फोन तिन्हा कानले लाव. आजपाईन मी बोलसू, ती आयकी."

म्हणजे आईला कधीपासूनच माहीत होतं. मी फोन विजयाच्या कानाला लावला. आई बोलत राहिली. शेळी व्याली, शेजारणीच्या सुनेला दिवस गेले, पाट सुटला. विजया ऐकत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिच्या लक्षात नव्हतं. त्यानंतर आईचा फोन रोज आला आणि विजयाला एक शब्दही बोलावा लागला नाही. वाचलेला आवाज तिने मला दिला. आमच्या गच्चीवर, सोमेश्वरला, कुठेही. इतकं मी आयुष्यात कुणाचंच ऐकलेलं नाही. ते दिवस परत द्या म्हणून कुठे अर्ज करता आला असता तर मी रोज रांगेत उभी राहिले असते.

द्राक्षांच्या छाटण्या चालू होत्या तेव्हा तिला साधी सर्दी झाली आणि ती छातीत उतरली. श्वास घ्यायलाही स्नायूच लागतात. दवाखान्यात तोंडात नळी होती, त्यामुळे शेवटी बोलणं असं काही झालंच नाही. मी तिचा हात धरून बसले होते. कानाशी फोन धरलेला होता आणि त्यातून आई पावसापाण्याचं सांगत होती.

विजयाचे दिवस झाल्यावर एका संध्याकाळी माझा फोन वाजला. आई होती. म्हणाली, "ती तुनासंगे काय बोले, ते सांग बेटा. मले इतलं दिन तिनी काहीच सांगं नही."

मी सांगायला सुरुवात केली. तिच्या लग्नाचं कसं राहून गेलं, ती माझ्या स्कूटीवर मागे बसून कशी गाणं म्हणायची, वर्गात कशी हसायची. आई मध्ये मध्ये "मंग?" म्हणते आणि मी पुढे सांगते. रोज सांगते. अजून संपलेलं नाही. विजयाने इतकं देऊन ठेवलं आहे.

शेवटच्या तासाला मी हल्ली हळू आवाजात शिकवते. पुढच्या बाकावरच्या मुली विचारतात, मॅडम, बरं नाही का? बरं आहे, मी म्हणते. संध्याकाळी बोलायचं असतं.