सायलेन्सरची रबरं

लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी सासऱ्यांशी एक शब्द थेट बोलले नव्हते. भांडण वगैरे काही नव्हतं, रीतच तशी होती. राहुरीकडच्या त्यांच्या गावात सुना सासऱ्यांसमोर डोक्यावरून पदर घेत आणि बोलायची वेळ आलीच तर सासूला मध्ये घालून बोलत. आम्ही नगरला सावेडीत राहायला आलो, मी शाळेत गणित शिकवू लागले, शेजारच्या सुना बिनधास्त स्कूटर उडवत फिरत होत्या, तरी ही रीत सामानाबरोबर टेम्पोत चढून आली ती आलीच. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्या. म्हणजे मामांना मामा म्हणण्याची वेळ कधी आलीच नव्हती. "आत्या, मामांना विचारा, भाकरी टाकू का?" असं मी म्हणायचे तेव्हा मामा समोरच पाटावर बसलेले असायचे. ते आत्यांना सांगायचे, "टाक म्हणावं." मग आत्या माझ्याकडे वळून, "टाक गं." तोवर भाकरी तव्यावर पडलेली असायची.

या प्रकाराचा मला संताप यायचा. पण त्याची एक सोय होती. मामा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. उभा जन्म यंत्रांच्या गोंगाटात गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे, आणि चिडल्याशिवाय तर मुळीच बोलता येत नसे. "तिला सांग, आमटीत मीठ घालायला माहेरची परवानगी लागती का?" असं ते गरजले की आत्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, "जरा मीठ आण गं." मीही काही कमी नव्हते. "मामांना सांगा, डबा त्यांच्या हाताशीच आहे, हात झिजणार नाहीत," असं मी पुटपुटले की आत्या त्यांना सांगायच्या, "आणतीय." तिघंही एकाच खोलीत, तिघांनीही मूळ वाक्य ऐकलेलं. पण आत्यांनी जे पुढे दिलं नाही ते बोललंच गेलं नाही, असं आम्ही दोघं धरून चालायचो. आमचं घर त्यावर चाललं होतं.

मग आत्यांच्या मणक्यात दुखणं निघालं. ज्याचं नाव घ्यायला सगळे घाबरतात तेच. दर शनिवारी त्यांना पुण्याला न्यायचं, सलाईनमधून औषध चढवायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, असं सुरू झालं. एसटीचे हादरे त्यांना सोसण्यासारखे नव्हते. मामांनी निवृत्तीनंतर घेतलेली एक जुनी गाडी दारात होती, पण मामांच्या एका डोळ्याचा पडदा सरकलेला. ऑपरेशन झालेलं, आणि गाडी चालवायची नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. नवरा नोकरीपायी गुजरातेत, महिन्या-दीड महिन्याने उगवणार. मी हौसेने ड्रायव्हिंग शिकून ठेवलं होतं. ती हौस अशी अंगाशी आली.

त्या वर्षी मी फार थकले. आठवडाभर शाळा, स्वयंपाक, आत्यांच्या गोळ्या, त्यांचं अंग पुसणं, आणि शनिवारी ट्रकांच्या मागेपुढे दिवसभर गाडी हाकणं. रविवारी सकाळी उठले की हात स्टिअरिंग धरल्यासारखेच आखडलेले असायचे. भेटायला येणारे म्हणायचे, "किती करते हो सून!" मला वाटायचं, कौतुक राहू द्या, कुणीतरी "आज तू झोप, मी बघते" एवढं म्हणा. तसं कुणी म्हणालं नाही. चहा घेऊन जायचे.

गाडीत मी आणि मामा पुढे, आत्या मागच्या सीटवर उशा लावून आडव्या. तिथेही रीत सुटली नाही. "तिला सांग, क्लचवर पाय ठिवून बसू नको, त्यो काय पाट हाय?" असं मामा समोरच्या काचेकडे बघत म्हणायचे, आणि मागून उशीतून बारीक आवाज यायचा, "पाय काढ गं बाई." मग मी पाय काढायचे. मामांच्या सांगण्यावरून काढला तर तो कसा चालणार!

एका शनिवारी जाताना, सुप्याच्या अलीकडे, गाडीखालून ठक-ठक ऐकू येऊ लागलं आणि मग काहीतरी फरफटत असल्याचा आवाज. सायलेन्सरचा नळा गाडीच्या पोटाखाली रबरांवर टांगलेला असतो, दोन भोकांची, अंगठ्याएवढी जाड रबरं. एक भोक गाडीच्या आकड्यात, दुसरं नळ्याच्या. त्यातलं मागचं रबर तुटून नळा रस्त्याला लागला होता. जवळच्या पंक्चरवाल्याने तो उचलून तारेने करकचून बांधला, पकडीने पीळ दिला आणि म्हणाला, "जा आता खुशाल." मी गेले. तिकडे आत्यांची वेळ ठरलेली होती.

नळा पडला नाही हे खरं. पण तार ताठ. इंजिनाची सगळी थरथर तारेतून वर चढून गाडीच्या पत्र्यात आली. माझ्या तळपायांना झिणझिण्या येत होत्या. आरशात बघितलं तर आत्या दाराची मूठ धरून, डोळे मिटून पडलेल्या. मी विचारलं, "त्रास होतोय का?" तर नुसती मान हलवली, होय की नाही ते कळलं नाही. पुण्याला पोचेस्तोवर तसंच, आणि औषध चढवून झाल्यावर परत येतानाही तसंच.

शिरूर मागे पडल्यावर एका खड्ड्यात गाडी आदळली. मामा कडाडले, "तिला सांग, खड्डा दिसत न्हाई का? डोळे माझे गेल्यात का तिचे?"

मागून आत्यांचा सपाट आवाज आला, "ते म्हणत्यात, खड्डा दिसत न्हाई का, डोळे त्यांचे गेल्यात का तुजे."

एक शब्द गाळला नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मामांचं वाक्य जसंच्या तसं माझ्यापर्यंत आलं. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि समोरचा रस्ता खरंच दिसेना. पण माझ्यापेक्षा जास्त दचकले ते मामा. मान वळवून ते मागे बघत राहिले. आपलं बोलणं असं पोचू शकतं याची त्यांना कल्पनाच नसावी.

संध्याकाळी आत्यांना खाटेवर निजवताना त्यांनी माझं मनगट धरलं. "त्या तारंनं लई हाल झालं गं. समदी गाडी हाडात घुसती. तेवढं रबर बदल. मला न्हाई सोसत आता." त्याआधी आत्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. साडी घेऊ म्हटलं तरी त्या "हायती की" म्हणणाऱ्या. पुढच्या शनिवारच्या आत त्या गाडीतून तार गेली पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं.

गॅरेजात टाकावी म्हटलं तर मामांनी आत्यांकरवी कळवलं, "गॅरेजवाला तुटल्यालं तेवढं बदलील. बाकीचीबी बघाया पायजेत." म्हणजे रबरं घरीच बदलायची, आणि मामांना वाकायची बंदी. उरलं कोण? सोमवारी शाळा सुटल्यावर तुटकं रबर पिशवीत घालून मी स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदाराने माझ्या खांद्यामागे साहेब कुठे दिसतात का ते बघून घेतलं आणि मगच रबरं काढली.

गुरुवारी शाळेला सुट्टी होती. लोळायचा दिवस. त्याऐवजी मी गाडी मागे घेत मागची चाकं दोन लाकडी ठोकळ्यांवर चढवली, पुढच्या चाकांना विटा लावल्या, जुन्या साडीचा पदर खोचला आणि अंगणात पोतं अंथरून गाडीखाली शिरले. गाडीखाली डोक्यावर पदर घ्यायची सक्ती नव्हती, एवढंच काय ते सुख. मामा बाजूला स्टुलावर ताठ बसले. आत्यांची खाट पुढच्या खोलीत खिडकीला लागून होती, त्यामुळे निरोपांची सोय झाली.

"तिला सांग, आधी समदी रबरं अंगठ्यानं दाबून बघ."

"दाबून बघ गं," खिडकीतून आलं.

मी दाबून बघितली. तुटलं होतं एकच, पण बाकीचीही कडक झाली होती, आणि जरा ताणली की टाचेसारख्या भेगा उघडत होत्या. मामांचं बरोबर होतं, आणि ते बरोबर असले की मला दुप्पट राग यायचा.

"आत्या, मामांना सांगा, सगळीच गेलीत."

"सगळीच गेली म्हणती." आवाज बारीक होत चालला होता.

आधी तार तोडून टाकली, मग जुनी रबरं कापून काढली. नवी काही केल्या आकड्यात जाईनात. एका हाताने नळा उचलून धरायचा आणि दुसऱ्या हाताने रबर ढकलायचं, डोळ्यांत मातीची भुकटी, दंडात गोळा आलेला. रडूच आलं, आणि गाडीखाली कुणाला दिसणार नव्हतं म्हणून थोडं रडून घेतलं. मग म्हटलं, "आत्या, मामांना विचारा, खोबरेल लावू का? म्हणजे सरकेल."

मामा खिडकीची वाट बघत होते. मीही. खिडकीतून काहीच आलं नाही. आत्यांना गोळीची झोप लागली होती.

नळा उचलून धरलेला हात भरून आला. मामांच्या चपला स्टुलापाशी अस्वस्थ हलताना दिसत होत्या. एकदा खाकरले, दोनदा खाकरले. शेवटी गाडीच्या टपावर थाप पडली आणि ते मोठ्याने म्हणाले, "ह्या गाडीला तेल चालत न्हाई! तेलानं रबर फुगतं न तुटतं. साबनाचं पानी लागतं!"

ते गाडीशी बोलत होते. मग मीही समोरच्या चाकाला म्हटलं, "साबणाचं पाणी आत मोरीपाशी आहे. इथं आणून देणारं कुणी दिसत नाही."

चपला हलल्या, आत गेल्या. घरातून भांडी पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने एक पातेलं अंगणात आलं, आणि वाकायची बंदी असल्यामुळे मामांनी ते काठीने हळूहळू माझ्याकडे सरकवलं. निम्मं पाणी वाटेत सांडलं होतं. त्यांच्या हातून घरातलं भांडं हललेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

साबण लावल्यावर रबर सटकन बसलं. मग दुसरं, मग राहिलेली. वरून मामा गाडीला समजावत होते, आणि आश्चर्य म्हणजे हळू आवाजात. "नळा थरथरनारच. त्येला थरथरू द्यायचं, वर जाऊ द्यायचं न्हाई. मदी रबर पायजे ते त्येच्यासाठी. न त्येच्याकडं बघाया पायजे. आपुन बघतच न्हाई कदी, तुटल्यावरच बघतो."

मी बाहेर आले, गाडी ठोकळ्यांवरून उतरवली आणि इंजिन चालू ठेवलं. मामांनी मागचं दार उघडलं आणि सीटवर आपला पंजा ठेवला, जिथे आत्यांची पाठ टेकायची नेमका तिथे. डोळे मिटून ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. "लागत न्हाई," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, कोण जाणे. मला त्यांचा राग आला नाही, एवढंच आठवतं.

शनिवारी आत्या कामरगावचा घाट ओलांडायच्या आत झोपल्या त्या पुणं येईस्तोवर. मामांनी वाटेत एकदाही क्लचचा विषय काढला नाही की खड्ड्याचा. मी आरशातून मागे बघत होते आणि त्या झोपेचं मला इतकं सुख वाटत होतं की माझीच झोप झाल्यासारखं वाटलं.

त्यानंतरचे बरेच शनिवार असे बरे गेले. औषधाचा गुण मात्र आला नाही. पावसाळा सरता सरता आत्या गेल्या.

दहावा झाला, पाहुणे पांगले, नवरा परत गुजरातेला गेला आणि घरात मामा आणि मी उरलो. बोलणं संपलंच. मी ताट वाढायचे, ते जेवायचे. एकदा आमटी अळणी झाली होती, मला माझं जेवताना कळलं. मामांनी ती मुकाट्याने संपवलेली होती. ते अळणी खाणं मला त्यांच्या सगळ्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

मग मामांच्या डोळ्याच्या तपासणीची तारीख आली. पुण्याला जायचं होतं. आदल्या दिवशी मी अंगण झाडत होते. मामांनी गाडीच्या मागे जाऊन काठीने सायलेन्सर हलवून बघितला, थोडं वाकता येऊ लागलं होतं तेवढं वाकून आत बघितलं, आणि उठून खिडकीकडे तोंड करून ओरडले, "तिला सांग, मागचं रबर परत चिरलंय! दिसत न्हाई का, डोळे..."

आणि थांबले. खिडकीत रिकामी खाट दिसत होती. गादी गुंडाळून ठेवलेली. मग पुष्कळ हळू, खिडकीलाच म्हणाले, "जरा बघ गं म्हणावं."

मला थेट उत्तर देता आलं असतं. आता अडवणारं कुणी नव्हतं, मीच कितीदा मनात ठरवलं होतं. पण मीही खिडकीकडेच बघत होते, आणि माझ्या तोंडून आलं, "आत्या, मामांना सांगा, आत्ता बदलते."

मग आम्ही दोघंही थोडं थांबलो, आत्यांना निरोप सांगायला लागायचा तेवढा वेळ. आणि मामा साबणाचं पाणी आणायला आत गेले.