दादाच्या रंगवलेल्या उट्या

चाकाच्या शोधामुळे माणूस पुढे निघाला आणि उटीच्या शोधामुळे तो सुसंस्कृत झाला. हे विधान माझं नाही. माझा थोरला भाऊ नागापूरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाला आणि तेव्हापासून त्याच्या तोंडून अशी विधानं येऊ लागली. उतारावर गाडी घसरू नये म्हणून चाकाखाली लाकडाची जी पाचर लावतात, ती उटी. ट्रकवरचे क्लीनर त्या कामाला रस्त्यावरचा दगड वापरतात. त्यांच्या सुसंस्कृतपणाबद्दल दादाला शंका होती.

विधानाला कारण होतं. दादानं एका मोडक्या ट्रॉलीच्या सांगाड्यावर पत्र्याची खोली चढवून जीपमागे ओढायचा ट्रेलर केला होता. आत दोन बाक, गॅसची शेगडी, खिडकीला पडदे. भंडारदऱ्याला जायचं, पाण्याकाठी राहायचं. फक्त वहिनी तयार होत नव्हती.

"मी आत झोपायची आन् हे डबडं धरणात जायचं," ती म्हणाली. "एक बोट जरी हाललं ना, घरी आल्यावर यात कांदे भरीन. भावजी, तुमी साक्षीला."

वहिनी कोल्हारकडची. कांदे भरीन म्हणाली म्हणजे भरणार, हे दादाला लग्नापासून ठाऊक.

म्हणून उट्या. बाभळीचा जुना ओंडका आणला, कोन मोजून दोन पाचरी कापल्या, रंधा मारला, पॉलिश पेपरनं इतक्या घासल्या की हात फिरवत बसावं. मग ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकडे नेल्या. पिवळा ऑइलपेंट, लाल किनार, दोन्ही बाजूंना कमळ. पहिला हात वाळल्यावर दुसरा.

वहिनीनं एक उटी उलटी करून पाहिली. "आवो, खालनं कशाला रंगवलं? खालनं कोन बघतंय?"

"काम म्हणजे काम. चारी अंगांनी."

खंडेनवमीला कारखान्यातल्या सवयीनं दादानं पाने, हातोडा मांडले आणि मधोमध उट्या. हळदकुंकू, झेंडू, नारळ. "अजून चाकाखाली गेल्या न्हाईत आन् देव झाल्या," वहिनी म्हणाली, पण नमस्कार तिनंही केला. मी पण केला. नारळ चांगला निघाला होता.

थंडीत आम्ही तिघं भंडारदऱ्याला गेलो. मातीत चाक रुतेल म्हणून दादानं पाण्याकडे उतरत गेलेला एक काळा कातळ निवडला. चाकांखाली उट्या सारल्या, बुटानं ठोकल्या, जीप सोडवून पुढे घेतली आणि मला उट्यांचा फोटो काढायला लावलं. फोटोत मागे पाणी यायला हवं होतं. वहिनीनं चहा केला, कप घेऊन ती आत बाकावर बसली आणि दार ओढलं.

तेवढ्या धक्क्यानं ट्रेलर निघाला. घाईत नाही, बैठकीतून हळूच उठून जाणाऱ्या माणसासारखा. वीतभर गेला आणि कातळाच्या भेगेत अडला.

दादा धावला, गुडघ्यावर बसला, खाली पाहिलं. चाकं उट्यांवर चढली नव्हती. गुळगुळीत रंगानिशी उट्याच कातळावरून घसरल्या होत्या आणि चाकं त्यांच्या मागोमाग गेली होती.

"बघ," तो मला हळूच म्हणाला, "उटीनं चाक सोडलेलं नाही."

दार उघडलं. वहिनी कप घेऊन खाली उतरली. तिनं आधी चहा संपवला. मग काठावरून दोन ओबडधोबड दगड उचलून आणले, चाकांखाली घातले आणि लाथ मारून बसवले.

"किती हाललं, भावजी?"

दादा माझ्याकडे पाहत होता. आयुष्यात त्यानं माझ्याकडे इतक्या आशेनं कधी पाहिलं नव्हतं.

"बोटभर म्हणता येणार नाही," मी म्हणालो.

"मग?"

"वीतभर."

रात्री ती आत जाऊन झोपली आणि सकाळी उन्हं वर येईपर्यंत उठली नाही. निघताना तिनं ते दोन्ही दगड ट्रेलरमध्ये टाकायला लावले. दादानं टाकले.

ट्रेलर सध्या घरामागे उभा आहे. चाकांखाली भंडारदऱ्याचे दगड आहेत. आत उन्हाळी कांदा आहे. कांद्याला वारा लागतो, म्हणून दार सतत उघडं ठेवावं लागतं. ते मिटू नये म्हणून त्याला एक उटी लावली आहे.