भाभींच्या दोन खोल्या

आमच्या शेजारच्या भाभी मालवणात किल्ला बघायला येणाऱ्यांना दोन खोल्या भाड्याने देत. गिऱ्हाइकांशी त्या दाराच्या पडद्याआडून बोलत, मासळीवाल्याशी मात्र भर रस्त्यात भांडत. यातला नियम मला कधीच कळला नाही.

त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला, म्हणजे वर्षाचं पोट भरायच्या दिवसांत. रोजा धरून भाभी पाहुण्यांची आमटी रांधत आणि चाखता येत नाही म्हणून कुंपणावरून पळी पुढे करत. "मास्तरांनू, मीठ बघा." पर्यटनाला माझा हातभार एवढाच.

एका दुपारी जमातीचे दोन बुजुर्ग कडक इस्त्रीच्या कपड्यांत घाम पुसत त्यांच्या ओसरीवर बसले. आमच्या पडवीत सगळं ऐकू येत होतं.

"भाभी, रमजानात परके बापये घरात ठेवणां शोभता? खोल्यो बंद करा."

"माझ्या घरात कोण रवतलो तां मी ठरवतलंय," पडद्याआडून उत्तर आलं.

रोजामुळे चहालाही मध्ये पडता आलं नाही. दोघे तसेच उठले. मी मनातून खूश झालो.

दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरचे तिघे तरुण आले. दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या.

"ईदीपर्यंत एकट्या बापयांक जागा नाय," भाभींनी सांगितलं.

तिघे स्टँडकडे वळल्यावर मी म्हणालो, "भाभी, काल तर तुम्ही त्या बुजुर्गांना नकार दिलात!"

"काल तेंनी सांगल्यानी, म्हणान नाय म्हटलंय. आज माझ्या मनान सांगल्यान."

आदल्या दिवशीची माझी शाबासकी परत घ्यावी की दुप्पट करावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.