तीन मिलिमीटरची काळी रेघ

हॉस्पिटलात त्यांना सगळे एकोताईच म्हणत. बावीस वर्षं त्या एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीत बसून लोकांची हृदयं बघत होत्या. खरं नाव उरलं होतं ते हजेरीपटावर. पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, छातीवर जेल लावायचं आणि म्हणायचं, "गार लागेल हं, पण चावणार नाही." नजर इतकी तयार, की नवे डॉक्टर रिपोर्टआधी त्यांचा चेहरा वाचत.

त्या वर्षी मोठ्या डॉक्टरांनी एक चाचणी सुरू केली. हार्ट अटॅकनं कमजोर झालेल्या पेशंटच्याच हाडातल्या मगजातून स्टेम सेल काढायच्या, मांडीतून नळी हृदयापर्यंत न्यायची आणि नळीच्या टोकाच्या सुईनं त्या पेशी हृदयाच्या स्नायूत सोडायच्या. हृदय सुधारतं का, हा पुढचा प्रश्न. आधी बघायचं होतं, की असं टोचणं सुरक्षित आहे का. म्हणून नियम कडक होता: काहीही वेगळं दिसलं, अगदी किरकोळ असलं, तरी फॉर्मवर लिहायचं. टोचल्यानंतर हृदयाभोवती रक्त जमलंय का, हे बघण्याचं काम एकोताईंचं.

पहिला पेशंट होता एक शिंपी. टोचून झाल्यावर त्याला एकोला आणलं. "ताई, माझं हृदय म्हणजे ढिलं इलॅस्टिक," तो म्हणाला. "ओढलं की ओढलं जातं, परत येत नाही." ताई हसल्या, आणि हसता हसताच त्यांना पडद्यावर हृदयाच्या मागे एक काळी रेघ दिसली; साचलेलं रक्त पडद्यावर असंच काळं दिसतं. त्यांनी मापली. तीन मिलिमीटर. सकाळच्या एकोत ती नव्हती.

त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं.

"चरबीचा थर असेल," ते म्हणाले.

"सकाळी नव्हता, सर."

"ताई, पेशंट बघा, कसा ठणठणीत आहे. पहिल्याच केसला राईचा पर्वत नको."

बाहेर सगळे एकमेकांचं अभिनंदन करत होते. ताईंनी पेन हातात धरलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, आणि रकान्यात लिहिलं, 'काही आढळले नाही.' दुसऱ्या दिवशी रेघ गेलेली होती. शिंपी घरी गेला, तब्येतीनं चांगला राहिला.

तीन आठवड्यांनी दुसरा पेशंट आला. घरं रंगवणारा माणूस. दोन पायऱ्या चढला तरी धाप लागायची. "मला फक्त शिडी चढू द्या," तो म्हणायचा. "भिंती माझी वाट बघतायत." संमतीपत्र वाचताना त्याच्या बायकोनं विचारलं, "आधी कुणाला काही त्रास झाला का?" समजावून सांगणाऱ्या नर्सनं फॉर्म बघून सांगितलं, "नाही, काहीच नाही." ती खोटं बोलली नव्हती. फॉर्मवर तसंच होतं. शेजारच्या टेबलाशी ताई मशीनची वायर गुंडाळत होत्या. त्यांनी ऐकलं, आणि त्या वायरच गुंडाळत राहिल्या.

त्याच दुपारी, टोचणं संपल्यावर, रंगाऱ्याचा रक्तदाब घसरला. ताईंनी छातीवर मशीनचा प्रोब ठेवला. या वेळी रेघ नव्हती, हृदयाभोवती अख्खं काळं कडं होतं आणि आत हृदय चेपलं जात होतं. सुई स्नायूच्या आरपार गेली होती. डॉक्टरांनी बाहेरून सुई घालून रक्त काढलं, मग छाती उघडावी लागली. हृदय मुळातच कमजोर. त्याला एवढं सोसवलं नाही. नवव्या दिवशी तो गेला.

ताईंनी मशीनमधून शिंप्याचं जुनं चित्र शोधून काढलं आणि स्वतःच चाचणीच्या देखरेख समितीपुढे नेलं. "मी पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि लिहिलं नाही. सरांनी सांगितलं म्हणून, असं म्हणणार नाही. पेन माझ्या हातात होतं."

चाचणी थांबली. सुई हृदयाच्या भिंतीत किती खोल जावी, याचं माप कमी केलं गेलं. टोचल्यावर दोनदा एको करायचं ठरलं. मोठ्या डॉक्टरांना चाचणीतून दूर केलं, ताईंना लेखी ताकीद मिळाली. चार महिन्यांनी काम पुन्हा सुरू झालं, आणि पुढच्या अठरा जणांत कुणाच्याच हृदयाभोवती रक्त जमलं नाही. तो आकडा ऐकून बाकीचे खूश झाले. ताई मात्र तो ऐकताच खोलीबाहेर निघून गेल्या.

मग एका सकाळी त्या रंगाऱ्याच्या घरी गेल्या. बायकोनं पाणी दिलं, समोर बसली. ताईंनी सगळं सांगितलं, रेघेच्या मापासकट.

ती म्हणाली, "तुम्ही लिहिलं असतं, तरी हे तयार झालेच असते कदाचित. हट्टी होते. पण ताई, मी विचारलं होतं हो. मी विचारलं होतं आणि तुम्ही तिथंच होतात."

"होते," ताई म्हणाल्या.

"मग आता माझ्याकडून काय हवंय तुम्हाला? माफी?"

"नाही. तुम्हाला माहीत असावं, एवढंच."

तिनं पाण्याचा रिकामा पेला उचलला आणि आत गेली. ती परत येईल म्हणून ताई थोडं थांबल्या. आतून भांडी घासण्याचा आवाज येत राहिला. शेवटी त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं आणि जिना उतरल्या.